खरवडेकाकांनी पाळलेला गंज

खरवडेकाका हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि बँकेला माहीत आहे, बाकी सगळ्यांना ते खरवडेकाकाच. लोखंड दिसलं की खरवडायचं, ही त्यांची जन्मभराची खोड. तिच्यावरून कोणीतरी कधीतरी हे आडनाव चिकटवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की पुढे टपालसुद्धा त्याच नावाने यायला लागलं.

काका रंगारी. पण घरांच्या भिंती रंगवणाऱ्यांतले नव्हेत. त्यांना ते आपल्या जातकुळीतले मानतच नसत. ‘ते फासतात,’ म्हणायचे, ‘रंग लोखंडाला लागतो.’ पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचे जिने, गोदामांची दारं, जिथे जिथे लोखंड उघड्यावर उभं असेल तिथे तिथे काका तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा, डबा घेऊन पोचलेले. आधी घासायचं, पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, आणि त्याला वारा लागायच्या आत रंगाचा पहिला हात मारायचा, हा त्यांचा धर्म. गंज हा त्यांचा वैरी. एखाद्याची भाऊबंदकी असावी तसं काकांचं आणि गंजाचं होतं, फक्त यात समेटाची बोलणी कधी झाली नाहीत.

ही खोड कामापुरती राहिली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण काका कोणाच्या घरी दुःखाला भेटायला गेले तरी बसायचे खिडकीशी. घरातलं माणूस गेल्याचं कोणी डोळे पुसत सांगतंय, आणि इकडे काका मान डोलवत डोलवत अंगठ्याच्या नखाने गजावरच्या गंजाची पापडी काढतायत. बायकोने कोपराने ढोसलं की भानावर यायचे, तोवर मांडीवर हा एवढा चुरा. दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा तोंडात यंत्र असताना हातवारे करून त्यांनी डॉक्टरांना खुर्चीचा गंजलेला पाय दाखवला होता. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

हे सगळं मी काही काकांची बदनामी करायला सांगत नाही. हे ते स्वतःच सांगतात, चारचौघांत, चहा पिता पिता, आणि दर वेळी स्वतःला आधीपेक्षा थोडं जास्त मूर्ख करून सांगतात. पुस्तकालयाच्या भिंतीचा किस्साही त्यांनीच गावभर केलेला आहे. मी फक्त त्यातली फोडणी जरा कमी केली आहे.

झालं असं, की काकांचा उजवा खांदा गेला. इतकी वर्षं डोक्यावर हात करून ब्रश चालवला, त्याने एक दिवस संप पुकारला. हात खांद्याच्या वर जाईना. काम सुटलं आणि काका घरी बसले. घरातलं जेवढं लोखंड होतं तेवढं महिन्याभरात रंगवून झालं. मग त्यांनी शेजाऱ्यांच्या कुंड्यांचा स्टँड रंगवला, न विचारता. मग जिन्यातला लेटरबॉक्स. तेव्हा बायको म्हणाली, “अहो, आता मलाच तेवढं रंगवायचं राहिलंय. त्यापेक्षा बाहेर जाऊन बसत जा कुठेतरी.”

बाहेर जाऊन बसायची जागा काकांच्या मनात एकच होती, लेकीचं वर्कशॉप. एकुलती एक लेक. लहानपणी काकांच्या ब्रशांना केरोसिनमध्ये बुडवून ठेवायचं काम तिचं. पुढे तिने लोखंडाचाच रस्ता धरला, पण बापाच्या बाजूने नाही. ती कापायला आणि जोडायला शिकली, आणि बघता बघता तिचं स्वतःचं वर्कशॉप उभं राहिलं. जिने, कठडे, फाटकं. रंगाचं काम ती बाहेर दुसऱ्या कारखान्यात पाठवायची, तिथे भट्टीत घालून रंग चढवून आणायची. काका वर्कशॉपला गेले की ती खुर्ची द्यायची, चहा मागवायची, आणि काकांचा हात कुठल्या तरी नळीकडे जायला लागला की हातातलं काम न थांबवता म्हणायची, “बाबा, हात लावू नका.”

काकांना फार काही नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की लेकीने एकदा, फक्त एकदा म्हणावं, बाबा, हे तेवढं तुम्ही करा. ते ती म्हणत नव्हती. काका रोज चहा पिऊन घरी यायचे.

मग तिला पुस्तकालयाचं काम मिळालं. नवी इमारत, आणि तिच्यासमोर रस्त्याच्या बाजूने एक लांबलचक पोलादी भिंत, उंच उंच पत्र्यांची. तिचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. एका रविवारी जेवताना ती सांगायला लागली, की हे पोलाद वेगळं आहे, वेदरिंग स्टील म्हणतात, याला रंग द्यायचा नसतो, याच्यावर गंज...

“गंज?” काका म्हणाले.

बस्स. ‘गंज’ हा शब्द कानावर पडला की काकांचे कान आपोआप बंद होतात, हे त्यांच्या बायकोचं जुनं निदान आहे. पुढे लेक काय बोलली, तांबं किती, क्रोमियम किती, ओलं होणं आणि वाळणं, यातलं काहीही काकांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांच्या डोक्यात एवढंच बसलं, की पोरीची एवढी मोठी भिंत गंजणार आहे आणि कोणीतरी तिला सांगितलंय की रंग लावायचा नाही.

“तुला फसवतायत,” काका म्हणाले.

“बाबा, मी तेच सांगतेय...”

“रंगाचं काम वाचवतायत आणि तुझ्या गळ्यात मारतायत. उद्या पत्र्याला भोकं पडली की नाव कोणाचं जाणार?”

लेकीने आईकडे बघितलं. आईने भात वाढला. तो विषय तिथेच राहिला.

वर्षभराने भिंत उभी राहिल्यावर काका एकटेच बघायला गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी. कडेने खाली ओघळ, आणि पायथ्याशी जी खडी पसरली होती तीही नारिंगी झालेली. काकांनी बोट फिरवून बघितलं, बोट विटकरी झालं. आता खडी तिथे ओघळ झेलायला मुद्दामच टाकलेली होती आणि ते पत्रे वर्षभर लेकीच्या वर्कशॉपमागच्या अंगणात, जिथे काकांची खुर्ची कधी पोचली नव्हती, पाणी आणि ऊन खात उभे होते, पण हे काकांना कुठलं माहीत असायला. म्हणजे माहीत असायला हवं होतं. त्या रविवारी जेवताना सांगितलं होतं.

इथे किस्सा सांगताना काका थोडं थांबतात आणि खरं ते सांगतात. ते म्हणतात, मला वाईट वाटलं हे खरं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. म्हटलं, चला, शेवटी पोरीला बाप लागला.

मग एक सुट्टी आली. साइटवर कोणी नव्हतं. वॉचमन काकांना ‘ताईंचे वडील’ म्हणून ओळखत होता, त्याने फाटक उघडून दिलं आणि वर चहाही आणून दिला. काकांनी पिशवीतून सगळी आयुधं काढली. तारेचे ब्रश, खरवडणी, पॉलिश पेपर, थिनर, रेड ऑक्साइडचा डबा. एकट्याने सगळी भिंत होणार नव्हती, म्हणून त्यांनी निदान दर्शनी पत्रा घ्यायचं ठरवलं, दाराच्या अगदी शेजारचा. आत शिरणाऱ्याचं पहिलं लक्ष जिथे जाणार, तोच.

आणि काय सांगावं, त्या दिवशी काकांचा हात असा चालला की त्यांनाच नवल वाटलं. खांदा दुखत होता, पण हात थांबेना. घास घास घासून त्यांनी हात पोचेल तिथवर तो पत्रा पांढरा केला. कोपरे केले, वेल्डिंगच्या शिवणी केल्या, थिनरने पुसलं, आणि वारा लागायच्या आत पहिला हात मारला. खांदा जिथवर जाईल तिथवरच ब्रश पोचत होता, त्यामुळे रंगाची वरची कड सरळ न येता कमानीसारखी आली. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरती. काका म्हणाले, वरचं शिडी आणून उद्या करू. मग जरा मागे सरकून त्यांनी बघितलं. तपकिरी भिंतीत एक लालबुंद, गुळगुळीत कमान. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपल्या हातून आज झालं, असं त्यांना वाटलं. दुर्दैवाने ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर लेकीची वाट बघत उभे राहिले. शाबासकी घ्यायला.

लेक आली. गाडीवरून उतरली, हेल्मेट काढलं आणि ते हातात धरूनच उभी राहिली. मग पायरीवर बसली.

“बाबा, हे तुम्ही केलंत?”

“मग काय वॉचमनने?” काका छाती पुढे काढून म्हणाले. “वरचं राहिलंय, शिडी मिळाली की...”

“वर्ष लागलं होतं याला,” ती म्हणाली. “वर्ष.”

ती ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. ओरडण्याला काकांकडे उत्तरं होती. पण ती नुसती पत्र्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काकांचे कान उघडे राहिले. तिने सगळं पुन्हा सांगितलं. की साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, सुटून पडतो, आणि खालचं लोखंड पुन्हा गंजायला मोकळं होतं. यातला तसा नाही. यात थोडं तांबं आणि आणखी दोनचार धातू मिसळलेले असतात. पावसाने भिजलं, उन्हाने वाळलं, परत भिजलं, परत वाळलं, की तोच गंज हळूहळू बारीक आणि घट्ट होत जातो आणि शेवटी आतल्या पोलादाला हवा-पाणी लागू देत नाही.

“म्हणजे गंजच रंग?” काका म्हणाले.

“गंजच रंग.”

“आणि मी तो...”

“हो.”

काका तिच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांना आपली लाज वाटली. आयुष्यभर गंज काढला, आणि जो एकदाच ठेवायचा होता तोही काढला.

एवढ्यात आर्किटेक्ट आले. या भिंतीची कल्पना त्यांची. किडकिडीत, शांत माणूस. त्यांनी कमान बघितली, चष्मा पुसला आणि परत बघितली. लेक उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझ्या वर्कशॉपकडून चूक झाली.”

बाप शेजारी बसलेला. तिने त्याच्याकडे बोटसुद्धा केलं नाही. काका म्हणतात, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो, पण पायरी काँक्रीटची होती. ते उठले.

“वर्कशॉप-बिर्कशॉप काही नाही, साहेब. हे मी केलंय. मी हिचा बाप. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

आर्किटेक्टने पत्र्यावरून बोट फिरवलं. “काम चांगलं केलंय हो तुम्ही,” ते म्हणाले.

“तेच तर,” काका रडवेले होऊन म्हणाले.

बोलणं झालं ते असं. पत्रा बदलायचा तर तसला जाड पत्रा लगेच मिळणार नव्हता, आणि मिळाला तरी कोरा असणार. तेव्हा रंग काढायचा, पत्रा साफ करायचा आणि त्याला नव्याने गंज धरू द्यायचा. उद्घाटनापर्यंत जेवढा जुळेल तेवढा जुळेल. आर्किटेक्टकडे आणखी एका भिंतीचं काम होतं, याहून मोठं, नदीकाठच्या बागेचं, आणि ते लेकीलाच द्यायचं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, “त्याचं मग ही भिंत कशी जुळते ते बघून ठरवू.” आवाज चढवला नाही, काही नाही. पण लेकीच्या मानेवरची शीर ताठ झालेली काकांनी बघितली. आपल्या एका सुट्टीच्या उद्योगाने पोरीचं पुढचं काम टांगणीला लागलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

रंग काढायला काकाच बसले. आणि तो काही केल्या निघेना. काकांनी लोकांच्या हातचे किती तरी रंग काढले होते, पापुद्र्यासारखे निघायचे. हा त्यांच्या स्वतःच्या हातचा. कोपऱ्यात, शिवणीत, जिथे जिथे जीव ओतला होता तिथे तिथे तो हटून बसलेला. “कोण हा शहाणा,” काका खरवडता खरवडता पुटपुटत होते, “एवढं बारीक काम कोणी सांगितलं होतं याला?” शेवटचं लेकीने मशिनने वाळूचा मारा करून काढलं. आणि तपकिरी भिंतीत आता एक चकचकीत कमान उरली, घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी.

“आता याला रोज पाणी फवारायचं,” लेक म्हणाली, “आणि पूर्ण वाळू द्यायचं. वाळलं की परत. मी एक माणूस ठेवते.”

“मी करतो,” काका म्हणाले.

ती मशिनची नळी गुंडाळायला लागली.

“अगं, मी करतो ना. माझंच निस्तरायचंय. मला करू दे.”

तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “फवारायचं आणि लांब बसायचं. हात लावायचा नाही.”

“नाही लावत.”

अशा रीतीने खरवडेकाका गंज पाळायला लागले. बायकोचा झाडांना पाणी मारायचा पंप घेऊन ते सकाळीच साइटवर हजर. पाणी मारायचं आणि समोरच्या बाकावर बसून वाळताना बघायचं. एकदा त्यांचा जुना जोडीदार रस्त्याने जाताना थबकला. दोघांनी मिळून अख्खा रेल्वेपूल रंगवला होता.

“काय रे, लोखंडाला पाणी घालतोस?”

“हो.”

“काय उगवणार आहे?”

“गंज.”

जोडीदाराने सायकल स्टँडवर लावली, जवळ येऊन काकांच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि “वहिनींना सांगतो” म्हणून निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या रंगाऱ्यांत बातमी झाली, की खरवडे गेला, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

हे काकांनी हसण्यावारी नेलं. पण त्यांच्याच्याने धीर धरवेना. पत्रा पिवळट झाला, मग नारिंगी झाला, आणि तिथेच अडून बसला. उद्घाटन तोंडावर आलं. शेजारचे पत्रे खोल तपकिरी, आणि मध्ये ही नारिंगी कमान. काकांनी विचार केला, पाण्याने गंज येतो ना? मग जास्त पाणी, जास्त गंज. साधा हिशोब आहे, या आजकालच्या पोरांना उगाच नाजूक हातांनी काम करायची सवय. त्यांनी घरून गोणपाटं आणली, भिजवून पत्र्यावर ताणून बांधली, आणि वाळायला लागली की पुन्हा भिजवत राहिले. आता बाकावर बसून त्यांना बरं वाटायला लागलं. काहीतरी केल्यासारखं.

लेक आली तेव्हा तिने गोणपाटाचं एक टोक उचललं. खालून पापडी सुटून आली. ओली, काळपट, भुसभुशीत, अगदी काकांच्या जुन्या वैऱ्यासारखी. हाताने चुरली गेली.

आता काकांनी कपाळाला हात लावला. तो ओला होता, कपाळही विटकरी झालं.

“बाबा,” लेक म्हणाली, “वाळू द्या हो. वाळल्याशिवाय ते धरत नाही. सारखं ओलं ठेवलं तर हा पण साध्या लोखंडासारखाच सडतो.”

“मला वाटलं...”

“तुम्हाला कायम काहीतरी वाटतं.” ती गोणपाटाच्या गाठी सोडत होती आणि गाठी काकांच्या हातच्या, म्हणजे सुटायचं नाव नाही. “नुसतं सोडून द्यायला का जमत नाही तुम्हाला?”

यावर काकांनी जे सांगितलं ते चारचौघांत किस्सा सांगताना ते गाळतात. मला त्यांच्या बायकोने सांगितलं आणि तिला लेकीने.

“तू कधी बोलावलं नाहीस मला,” ते म्हणाले. “एवढं मोठं वर्कशॉप तुझं. मी रोज येत होतो. म्हटलं, कधीतरी म्हणशील, बाबा, हे तुम्ही करा.”

लेकीचे हात गाठीवर थांबले.

“म्हणणार होते,” ती म्हणाली. “खूपदा म्हणणार होते. पण तुम्ही हात लावलात की ते काम माझं राहत नाही, बाबा, तुमचं होतं. शाळेत माझी सायकल मी रंगवली होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्याने रंगवलेली होती.”

काकांना आठवत होतं. त्यांनी ती फार सुंदर रंगवली होती. लेकीने निळा दिला होता, तो जरा ओघळला होता, म्हणून त्यांनी पहाटे उठून सगळा खरवडला आणि हिरवा दिला. ती तेव्हा ‘छान झालीय’ म्हणाली होती आणि काकांना ते इतकी वर्षं खरंच वाटत होतं.

त्या दिवसापासून काका बाकावर बसताना दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लागले. हात शिवशिवायचे. पत्र्यावर पाणी मारलं, ऊन आलं, वाळलं, एखादा ओघळ वाकडा उतरला, तरी हात मांडीखाली. येणारे-जाणारे बघायचे, एक म्हातारा स्वतःच्याच हातांवर बसून भिंतीकडे टक लावून बघतोय. काका म्हणतात, आयुष्यात एवढी मेहनत मी कुठल्या पुलावर केली नाही.

उद्घाटनाला कमान जुळली नाही ती नाहीच. पापडी काढून पुन्हा सुरुवात करावी लागली होती, मग दुसरं काय होणार. कोणी पाहुण्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “हा उगवता सूर्य फार छान काढलाय.” आर्किटेक्ट पटकन “धन्यवाद” म्हणाले. मागच्या रांगेत काकांना चहाचा ठसका लागला. पण कार्यक्रम संपल्यावर आर्किटेक्ट लेकीला एवढंच म्हणाले, “बघू या, गंज बसतोय का.” नदीकाठच्या भिंतीबद्दल अवाक्षर नाही. काकांना रात्री जेवण गेलं नाही.

नंतर पाऊस आला आणि गेला, ऊन आलं. काका पंप घेऊन जायचे थांबले, आता ते काम आभाळ करत होतं. तरी अधूनमधून ते पुस्तकालयाकडे चक्कर मारत आणि रस्त्याच्या पलीकडूनच बघत. अलीकडे येत नसत. स्वतःवर भरवसा नव्हता.

दुसऱ्या वर्षी एकदा लेकीने त्यांना गाडीवर घेतलं. कुठे जायचंय ते सांगितलं नाही. पुस्तकालयासमोर गाडी थांबली. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं. सगळी भिंत गडद, जांभळट तपकिरी झाली होती, आणि खालची खडी पावसाने धुऊन पुन्हा पांढरी होत आलेली. काका कमान शोधायला लागले. त्यांना ती दिसेना. मग दिसली. वरच्या कडेला, अगदी पुसट, रंगात नखभर फरक. ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावी एवढीच. त्यांचा उजवा खांदा कुठवर पोचत होता, त्याची खूण.

“दिसतेय अजून,” काका पडेल आवाजात म्हणाले.

“दिसू दे,” लेक म्हणाली. “हात लावा.”

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकाने दुसरा घट्ट धरून ठेवलेला.

“अहो लावा ना, बाबा. मी सांगतेय.”

त्यांनी उजवा हात सोडवला. तळवा पत्र्यावर टेकवला, नख नाही, अंगठा नाही, सगळा तळवा. पत्रा उन्हाने कोमट झाला होता आणि हाताला खरखरीत, घट्ट लागत होता. जरा वेळाने त्यांनी हात काढून उलटा केला, उन्हात धरून बघितला आणि लहान मुलासारखा तिच्यापुढे केला. स्वच्छ होता. मग त्यांनी तोच तळवा डोळ्यांवरून फिरवला.

“नदीकाठची भिंत मिळाली,” लेक म्हणाली. “काल नक्की झालं. पत्रे आले की अंगणात उभे करणार. वर्षभर तिथेच असतील. तुम्ही या.”

“मी काय करू तिथे?”

“काही नाही करायचं. बसायचं आणि बघायचं. आणि कोणी ब्रश घेऊन आलं तर अडवायचं. असा माणूस लांबून ओळखायला तुमच्यासारखं दुसरं कोण मिळणार मला?”

काका हसले, मग गंभीर झाले.

“काहीच करायचं नाही?”

“काहीच नाही, बाबा. हे तेवढं तुम्ही करा.”